रेडॉक्स आणि इलेक्ट्रोकेमिकल सेल: इलेक्ट्रॉन कुठून निघाला, कुठे पोचला एवढं बघत शिकूया

रेडॉक्सचा धडा उघडला की आधी व्याख्या येतात, मग ऑक्सिडेशन नंबरचे नियम, मग समीकरण बॅलन्स करायच्या पायऱ्या, आणि पुढच्या धड्यात अचानक ॲनोड, कॅथोड, सॉल्ट ब्रिज आणि एक लांबलचक तक्ता ज्यातले अर्धे आकडे मायनसमध्ये. हे सगळं सुटं सुटं पाठ करायला गेलं की सगळ्याची सरमिसळ होते, आणि मग केमिस्ट्रीच अवघड आहे असं वाटायला लागतं. माझं म्हणणं असं की हा सगळा एकच विषय आहे. इलेक्ट्रॉन कोणी सोडला, कोणी घेतला आणि तो कुठल्या वाटेने गेला, हे तीन प्रश्न प्रत्येक गणितात, प्रत्येक आकृतीत विचारत राहिलात तर बाकीचे नियम आपोआप जागेवर बसतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्यात, उड्या मारू नका, कारण पाचवी पायरी तिसरीशिवाय कळणार नाही.

एक आधीच सांगतो, आयनवरचा चार्ज मी शेजारीच लिहिलाय, म्हणजे "झिंक +२" असं दिसलं की तो दोन धन चार्ज असलेला झिंकचा आयन समजा.

पायरी १: देणारा आणि घेणारा ओळखा

जुनी व्याख्या सगळ्यांना माहीत असते, ऑक्सिजन जोडला गेला की ऑक्सिडेशन, ऑक्सिजन निघाला की रिडक्शन. ती चूक नाहीये पण अपुरी आहे, कारण कितीतरी रेडॉक्स अभिक्रियांमध्ये ऑक्सिजनचा पत्ताच नसतो. सोडियम आणि क्लोरीन मिळून मीठ होतं त्यात ऑक्सिजन कुठे आहे? म्हणून इलेक्ट्रॉनची व्याख्या धरा. गमावलं ते ऑक्सिडेशन, कमावलं ते रिडक्शन. एवढं तोंडात बसलं की पुरे.

आता हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात विरघळवून निळं द्रावण करा आणि त्यात पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेली झिंकची पट्टी उभी ठेवा. काही सेकंदांतच पट्टीचा बुडालेला भाग काळपट होतो, चमक जाते, मग तो थर जाड होत जातो आणि तपकिरी-लालसर, भुसभुशीत दिसायला लागतो, बोटाने हलकं टोकलं तर खाली गळतो. बराच वेळ तसंच ठेवलं तर द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो. निळा रंग कॉपर +२ आयनचा असतो, तो फिका होतोय म्हणजे ते आयन द्रावणातून कमी होतायत, आणि पट्टीवर जो तपकिरी थर बसलाय ते तेच कॉपर आहे, धातू होऊन बसलेलं. त्याच वेळी पट्टी झिजते, कारण झिंकचे अणू आयन होऊन पाण्यात जातायत, फक्त झिंक +२ ला रंग नसल्यामुळे ते दिसत नाही.

झिंक → झिंक +२ + २ इलेक्ट्रॉन
कॉपर +२ + २ इलेक्ट्रॉन → कॉपर

वरची ओळ ऑक्सिडेशन, खालची रिडक्शन. एक एकटी कधीच होत नाही, सोडलेला इलेक्ट्रॉन कोणीतरी घ्यायलाच हवा, म्हणून तर दोन्ही शब्द जोडून रेडॉक्स. आणि इथेच नवीन लोकांचा पहिला गोंधळ होतो तो म्हणजे ऑक्सिडायझिंग एजंट कोण? झिंकचं ऑक्सिडेशन झालं, पण ते घडवून कोणी आणलं, तर कॉपर +२ ने. म्हणजे ऑक्सिडायझिंग एजंट कॉपर +२ आयन, आणि त्याचं स्वतःचं होतं रिडक्शन. एजंट जे काम दुसऱ्यावर करतो त्याच्या उलट त्याचं स्वतःचं होतं, हे एकदा या पट्टीवरून समजून घ्या, पाठ करायची गरज पडत नाही.

पायरी २: ऑक्सिडेशन नंबर काढा

झिंक-कॉपरमध्ये चार्ज सरळ दिसतो म्हणून सोपं जातं, पण पोटॅशियम पर्मँगनेटमध्ये मँगनीजने किती इलेक्ट्रॉन घेतले हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी ऑक्सिडेशन नंबर. हा खरा चार्ज नसतो, हा एक हिशोब असतो, बाँडमधले इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्या अणूच्या नावावर पूर्णपणे टाकले तर कोणावर किती चार्ज येईल असं मानून केलेला.

नियम थोडेच आहेत. एकटं मूलद्रव्य असेल तर शून्य, मग ते कॉपर असो की ऑक्सिजन वायू. साधा आयन असेल तर त्याचा चार्ज हाच नंबर. फ्लोरीन संयुगात नेहमी −१. सोडियम-पोटॅशियम यांचा +१, मॅग्नेशियम-कॅल्शियम यांचा +२. हायड्रोजन बहुतेक वेळा +१, पण सोडियम हायड्राइडसारख्या धातूंच्या हायड्राइडमध्ये −१. ऑक्सिजन बहुतेक वेळा −२, पण हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये −१, आणि फ्लोरीनबरोबर असेल तर चक्क धन. शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, सगळ्यांची बेरीज रेणूमध्ये शून्य यायला हवी आणि आयनमध्ये आयनच्या चार्जएवढी.

पर्मँगनेट आयन घ्या, एक मँगनीज, चार ऑक्सिजन, एकूण चार्ज −१. ऑक्सिजनचे चार गुणिले −२ म्हणजे −८. बेरीज −१ यायची तर मँगनीज +७. डायक्रोमेटमध्ये दोन क्रोमियम, सात ऑक्सिजन, चार्ज −२, म्हणजे दोन क्रोमियमचे मिळून +१२, एकाचा +६. बस, इतकंच गणित आहे.

कधी अपूर्णांक येतो, उदाहरणार्थ लोहाच्या मॅग्नेटाइटमध्ये तीन लोह आणि चार ऑक्सिजन असतात, तिथे तिन्ही लोहांचे मिळून +८ होतात आणि भागिले तीन करून एकाचा ८/३ येतो. घाबरू नका, अणू काही इलेक्ट्रॉनचे तुकडे करत नाही, तिथे दोन लोह +३ आणि एक +२ असतो आणि आपण सरासरी काढलेली असते.

समीकरण रेडॉक्स आहे की नाही हे ओळखायचं असेल तर डावीकडे आणि उजवीकडे नंबर लिहून बघायचे. कुणाचाच बदलला नाही तर रेडॉक्स नाही, जसं ॲसिड आणि बेस एकमेकांना उदासीन करतात तेव्हा कोणाचाच नंबर हलत नाही. वाढला तिथे ऑक्सिडेशन, घटला तिथे रिडक्शन.

पायरी ३: अर्ध्या अर्ध्या अभिक्रिया करून बॅलन्स करा

इथे जरा थांबा आणि कागद-पेन घ्या, कारण ही पायरी वाचून येत नाही, हाताने लिहूनच येते. उदाहरण नेहमीचंच घेऊ, आम्लधर्मी द्रावणात पर्मँगनेट आणि लोह +२. जांभळं पर्मँगनेट लोह +२ मध्ये पडलं की रंग उडतो, लोह +३ होतं आणि मँगनीज +२ होतं.

आधी दोन भाग वेगळे लिहायचे.

लोह +२ → लोह +३
पर्मँगनेट → मँगनीज +२

पहिल्यात अणू जुळलेलेच आहेत, फक्त चार्ज जुळवायचा, उजवीकडे एक इलेक्ट्रॉन टाकला की झालं.

दुसऱ्यात क्रम पाळा, हा क्रम मोडला की माणूस अडकलाच म्हणून समजा. आधी ऑक्सिजन आणि हायड्रोजन सोडून बाकीचे अणू, इथे मँगनीज एकास एक आहे. मग ऑक्सिजन, डावीकडे चार आहेत म्हणून उजवीकडे चार पाणी. मग हायड्रोजन, उजवीकडे आठ झाले म्हणून डावीकडे आठ हायड्रोजन आयन. आणि सगळ्यात शेवटी चार्ज. डावीकडे −१ आणि +८ मिळून +७, उजवीकडे +२, फरक पाचाचा, म्हणून डावीकडे पाच इलेक्ट्रॉन.

पर्मँगनेट + ८ हायड्रोजन आयन + ५ इलेक्ट्रॉन → मँगनीज +२ + ४ पाणी

आता पडताळा घ्या, मँगनीज +७ वरून +२ वर आलं म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतले, आणि आपल्यालाही पाचच मिळाले. ऑक्सिडेशन नंबर आणि चार्जचा हिशोब दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यावर येतात, म्हणून दुसरी पायरी शिकायची असते. जुळलं नाही तर कुठेतरी घसरलंय हे तिथल्या तिथे कळतं.

लोह एकच इलेक्ट्रॉन सोडतं, पर्मँगनेटला पाच हवेत, म्हणून लोहाची ओळ पाचने गुणायची आणि दोन्ही मिळवायच्या. इलेक्ट्रॉन दोन्हीकडून कटले पाहिजेत, शेवटच्या समीकरणात एक जरी इलेक्ट्रॉन उरला तर उत्तर चुकलंय.

पर्मँगनेट + ८ हायड्रोजन आयन + ५ लोह +२ → मँगनीज +२ + ४ पाणी + ५ लोह +३

चार्ज डावीकडे −१, +८ आणि +१० मिळून +१७, उजवीकडे +२ आणि +१५ मिळून +१७. जुळलं.

द्रावण अल्कधर्मी असेल तर आधी असंच आम्लातलं समजून करा, आणि शेवटी जितके हायड्रोजन आयन आलेत तितके हायड्रॉक्साइड आयन दोन्ही बाजूंना टाका, एका बाजूला दोघांचं मिळून पाणी होतं, जादा पाणी दोन्हीकडून कमी करा. वेगळी पद्धत शिकायची गरज नाही.

हीच अभिक्रिया लॅबमध्ये टायट्रेशनला, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून त्यातल्या पदार्थाचं प्रमाण मोजायला, वापरतात. तिथे वेगळा इंडिकेटर लागत नाही, लोह +२ संपलं की पुढच्याच थेंबाचा फिका गुलाबी रंग टिकून राहतो आणि तोच शेवट. आणि तिथे ॲसिड म्हणून डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घ्यायला सांगतात, हायड्रोक्लोरिक नाही. का, त्याचं कारण सहाव्या पायरीतला तक्ता देतो, तोपर्यंत प्रश्न डोक्यात राहू द्या.

पायरी ४: देणारा आणि घेणारा यांना वेगळं ठेवा, झाला सेल

पट्टीच्या प्रयोगात झिंक आणि कॉपर आयन एकमेकांना चिकटूनच होते, त्यामुळे इलेक्ट्रॉन थेट इकडून तिकडे गेला आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन गेली. पट्टीऐवजी झिंकची पावडर टाकली तर द्रावण चांगलंच गरम होतं. आता विचार करा, झिंक एका भांड्यात आणि कॉपर आयन दुसऱ्या भांड्यात ठेवले आणि मधे फक्त वायर दिली तर? इलेक्ट्रॉनला जायचं तर आहेच, पण आता वायरमधून जावं लागेल, आणि वायरमधून इलेक्ट्रॉन वाहणं म्हणजेच करंट. अभिक्रिया तीच, वाट बदलली. माझ्या मते अख्ख्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये झिंक आणि कॉपरचा असा सेल बनवला, म्हणून डॅनियल सेल. त्याआधी १८०० मध्ये व्होल्टा यांनी दोन धातूंच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे असे एकावर एक रचून पहिली बॅटरी केली होती, पण ती पटकन दमायची, डॅनियलचा सेल बराच वेळ एकसारखा चालायचा.

स्वतः करून बघायचा असेल तर असं करा. दोन बीकर. एकात ०.१ मोलर (म्हणजे एका लिटरमागे ०.१ मोल) कॉपर सल्फेट, दुसऱ्यात ०.१ मोलर झिंक सल्फेट. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरला मोरचुदाचे निळे खडे २.५ ग्रॅम आणि झिंक सल्फेटचे सात पाणीवाले खडे २.९ ग्रॅम एवढे पुरतात. कॉपरची पट्टी कॉपर सल्फेटमध्ये, झिंकची झिंक सल्फेटमध्ये, दोन्ही पट्ट्या आधी घासून घ्या कारण वरचा ऑक्साइडचा थर असला की रीडिंग नाचतं. फिल्टर पेपरची पट्टी पोटॅशियम नायट्रेटच्या गडद द्रावणात भिजवून तिचं एक टोक या बीकरमध्ये आणि एक त्या बीकरमध्ये, हा सॉल्ट ब्रिज. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल वायर कॉपरला, काळी झिंकला. क्लिप द्रावणात बुडू देऊ नका, नाहीतर तिचा धातूही खेळात येतो. रीडिंग १.१ व्होल्टच्या आसपास किंवा किंचित कमी येईल. वायर उलट्या लावल्या तर तेवढंच, पण मायनसमध्ये.

हातमोजे आणि चष्मा घालून करा, मोरचूद पोटात जाता कामा नये आणि जलचरांना तर ते फारच घातक असतं, म्हणून सिंकमध्ये ओतू नका, बाटलीत साठवून लॅबच्या टाकाऊ द्रावणांत द्या.

आता मल्टिमीटर लावलेलाच ठेवून फिल्टर पेपरची पट्टी उचला. रीडिंग कोसळतं. परत टेकवा, परत येतं. हे चार-पाच वेळा करून बघा, कारण सॉल्ट ब्रिज काय करतो ते याच्यापेक्षा चांगलं कोणीच समजावू शकत नाही. झिंकच्या बीकरमध्ये झिंक +२ वाढत जातात म्हणजे धन चार्ज साठायला लागतो, कॉपरच्या बीकरमध्ये कॉपर +२ कमी होतात पण सल्फेट तसेच राहतात म्हणजे ऋण चार्ज साठायला लागतो, आणि असा चार्ज किंचितही साठला तरी इलेक्ट्रॉनचा पुढचा प्रवास बंद पडतो. ब्रिजमधले नायट्रेट आयन झिंककडे सरकतात, पोटॅशियम आयन कॉपरकडे सरकतात, आणि दोन्हीकडचा हिशोब शून्यावर राहतो.

आणि हे नीट लक्षात घ्या, सॉल्ट ब्रिजमधून इलेक्ट्रॉन जात नाहीत. द्रावणात मोकळे इलेक्ट्रॉन पोहत नसतात. वायरमध्ये इलेक्ट्रॉन, द्रावणात आणि ब्रिजमध्ये आयन, आणि दोघांची भेट होते ती धातूच्या पृष्ठभागावर. आकृती काढताना ब्रिजवर इलेक्ट्रॉनचा बाण काढलेला दिसला की समजायचं, इथे विषय कळलेला नाही.

ब्रिजसाठी पोटॅशियम क्लोराइडही चालतं, पण एका बाजूला सिल्व्हर नायट्रेट असेल तर नको, क्लोराइड आणि सिल्व्हर मिळून पांढरा साका बसतो. नायट्रेट दोन्हीकडे चालतं.

पायरी ५: ॲनोड, कॅथोड आणि प्लस-मायनस

जिथे ऑक्सिडेशन तो ॲनोड, जिथे रिडक्शन तो कॅथोड. कुठलाही सेल असो, ही व्याख्या बदलत नाही. लक्षात ठेवायला सोपं, ॲनोड आणि ऑक्सिडेशन दोन्ही स्वराने सुरू होतात, कॅथोड आणि रिडक्शन दोन्ही व्यंजनाने.

प्लस-मायनसचं चिन्ह मात्र नावाला चिकटवू नका. डॅनियल सेलमध्ये झिंक ॲनोड आहे आणि तो मायनस आहे, कारण तिथे इलेक्ट्रॉन सुटतायत आणि वायरकडे ढकलले जातायत. बाहेरून करंट देऊन अभिक्रिया घडवतो तेव्हा ॲनोड प्लस असतो, कारण तिथे बाहेरची बॅटरी इलेक्ट्रॉन ओढून काढत असते. दोन्हीकडे ॲनोडवर ऑक्सिडेशनच. गाडीतल्या लेड ॲसिड बॅटरीचं उदाहरण तर फार बोलकं आहे, तिची प्लस प्लेट बॅटरी वापरताना कॅथोड असते आणि चार्ज करताना तीच प्लेट ॲनोड होते, चिन्ह प्लसच राहिलं, काम उलटलं.

सेल थोडक्यात लिहिताना ॲनोड डावीकडे, कॅथोड उजवीकडे, मधल्या दोन उभ्या रेघा म्हणजे सॉल्ट ब्रिज:

झिंक | झिंक +२ || कॉपर +२ | कॉपर

पायरी ६: तक्ता वाचा, व्होल्टेज काढा

एकट्या इलेक्ट्रोडचं, म्हणजे द्रावणात उभ्या केलेल्या एकाच पट्टीचं, पोटेन्शियल मोजता येत नाही, मल्टिमीटरला दोन टोकं लागतातच. म्हणून सगळ्यांनी मिळून हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडला शून्य मानलं आणि बाकीच्यांची तुलना त्याच्याशी केली, डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात तसं. तक्त्यातले आकडे रिडक्शनचे असतात, म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायची ओढ किती. काही नेहमी लागणारे, २५ अंश सेल्सिअसला, प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा व्होल्टमध्ये:

फ्लोरीन +२.८७
पर्मँगनेट, आम्लात +१.५१
क्लोरीन +१.३६
सिल्व्हर +१ → सिल्व्हर +०.८०
लोह +३ → लोह +२ +०.७७
कॉपर +२ → कॉपर +०.३४
हायड्रोजन ०.००
लोह +२ → लोह −०.४४
झिंक −०.७६
मॅग्नेशियम −२.३७
लिथियम −३.०४

वर बसलेले इलेक्ट्रॉन ओढणारे, खाली बसलेले इलेक्ट्रॉन सोडायला तयार. सेलचं व्होल्टेज म्हणजे कॅथोडचा आकडा वजा ॲनोडचा आकडा, दोन्ही तक्त्यात आहेत तसेच घ्यायचे. डॅनियलसाठी ०.३४ वजा −०.७६, म्हणजे १.१० व्होल्ट, आणि मल्टिमीटरने तेच दाखवलं होतं. ऑक्सिडेशनसाठी चिन्ह उलटवून बेरीज करायची पद्धतही आहे, उत्तर तेच येतं, पण कुठलीतरी एकच धरा. दोन्ही मिसळल्या की चिन्ह दोनदा उलटतं.

अजून एक, समीकरण बॅलन्स करताना ओळ पाचने गुणली म्हणून व्होल्टेज पाचने गुणायचं नाही. कॉपर आणि सिल्व्हरच्या सेलमध्ये सिल्व्हरची ओळ दोनने गुणावी लागते, तरी व्होल्टेज ०.८० वजा ०.३४ म्हणजे ०.४६ च. व्होल्ट म्हणजे प्रत्येक कूलंब चार्जमागे मिळणारी ऊर्जा, चार्ज दुप्पट झाला तर ऊर्जाही दुप्पट होते, भागाकार तोच राहतो.

उत्तर धन आलं तर अभिक्रिया आपणहून होते, ऋण आलं तर उलट दिशेने होते. आता मघाचा प्रश्न, हायड्रोक्लोरिक ॲसिड का नको? पर्मँगनेट १.५१ वर, क्लोरीन १.३६ वर, म्हणजे पर्मँगनेट क्लोराइडचे इलेक्ट्रॉनही ओढून घेऊ शकतं आणि क्लोरीन वायू करू शकतं. मग थोडं पर्मँगनेट क्लोराइडवर खर्च होतं, ब्युरेटचं, म्हणजे पर्मँगनेट मोजून सोडायच्या नळीचं, रीडिंग जास्त येतं आणि लोह आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

याच तक्त्यावरून झिंकचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा ओरखडा पडला तरी का गंजत नाही तेही कळतं. झिंक लोहाच्या खाली आहे, म्हणून उघड्या पडलेल्या लोहाऐवजी शेजारचं झिंक आधी इलेक्ट्रॉन सोडतं आणि लोह वाचतं. कथिलाचा मुलामा असेल तर उलटं, कथिल −०.१४ वर म्हणजे लोहाच्या वर आहे, ओरखडा पडला की लोहच ॲनोड होतं आणि आणखी जोरात गंजतं.

पायरी ७: काँसन्ट्रेशन बदललं तर

तक्त्यातले आकडे १ मोलर द्रावणांसाठी असतात. मग आपण ०.१ मोलर घेऊनही १.१ कसं आलं? याचं उत्तर नर्न्स्ट यांच्या समीकरणात आहे, ते त्यांनी १८८९ मध्ये मांडलं. २५ अंशाला ते असं होतं:

सेलचं व्होल्टेज = स्टँडर्ड व्होल्टेज − (०.०५९२ ÷ इलेक्ट्रॉनची संख्या) × लॉग क्यू

डॅनियलमध्ये क्यू म्हणजे झिंक +२ भागिले कॉपर +२. दोन्ही ०.१ असले तर भागाकार १, लॉग शून्य, व्होल्टेज बदललंच नाही. आता झिंक +२ एक मोलर आणि कॉपर +२ फक्त ०.०१ मोलर ठेवलं तर क्यू १००, लॉग २, म्हणजे १.१० वजा ०.०२९६ गुणिले २, जवळजवळ १.०४ व्होल्ट. कॉपर आयन शंभर पटीने कमी केले तरी व्होल्टेज जेमतेम ०.०६ ने उतरलं, म्हणून डॅनियल सेलचं व्होल्टेज बराच काळ जवळपास तेवढंच राहतं आणि अगदी शेवटी ढासळतं. व्होल्टेज शून्य झालं म्हणजे समतोल आला, सेल संपला.

मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही म्हणून इतकं छान रीडिंग देतो. या सेलला लाल एलईडी लावलात तर लागणार नाही, तिला साधारण १.८ व्होल्ट लागतात, आणि दोन सेल जोडले तरी फिल्टर पेपरच्या ब्रिजचा रेझिस्टन्स इतका असतो की करंट फारच थोडा मिळतो. सेल बिघडलाय असं समजून सगळं उपसू नका.

पायरी ८: उलट्या दिशेने ढकला

जी अभिक्रिया आपणहून होत नाही ती बाहेरून करंट देऊन घडवणं म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये असाच करंट देऊन पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा सुटे केले. मिठाच्या पाण्यातून मात्र सोडियम मिळत नाही, कारण सोडियम −२.७१ वर आहे आणि त्याच्यापेक्षा पाण्याला रिड्यूस करणं सोपं, म्हणून कॅथोडवर हायड्रोजन निघतो. सोडियम हवा तर मीठ वितळवावं लागतं.

किती करंट दिला की किती धातू बसतो हा हिशोब मायकेल फॅरडे यांचा, आणि तो पुन्हा इलेक्ट्रॉन मोजायचाच आहे. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६४८५ कूलंब. समजा २ ॲम्पिअर करंट ३० मिनिटं कॉपर सल्फेटमधून सोडला. ३० मिनिटं म्हणजे १८०० सेकंद, गुणिले २, ३६०० कूलंब. भागिले ९६४८५, म्हणजे ०.०३७३ मोल इलेक्ट्रॉन. एका कॉपरला दोन लागतात, म्हणून ०.०१८७ मोल कॉपर, गुणिले ६३.५५, कॅथोडवर साधारण १.१९ ग्रॅम कॉपर बसलं. मिनिटांचे सेकंद करायचे आणि इलेक्ट्रॉनच्या संख्येने भागायचं, गणित चुकतं ते या दोन ठिकाणीच.

सराव

आधी स्वतः करा, मग खाली बघा. एक, आम्लात डायक्रोमेट आणि लोह +२ यांचं समीकरण, क्रोमियम +३ होतं असं धरून. दोन, मॅग्नेशियम आणि सिल्व्हरच्या सेलचं व्होल्टेज आणि त्यातला ॲनोड. तीन, १ ॲम्पिअर करंट ९६५ सेकंद सिल्व्हर नायट्रेटमधून सोडला तर सिल्व्हर किती बसेल.

पहिल्यात एका डायक्रोमेटला सहा लोह +२ आणि चौदा हायड्रोजन आयन लागतात, उजवीकडे दोन क्रोमियम +३, सहा लोह +३ आणि सात पाणी, चार्ज दोन्हीकडे +२४. दुसऱ्यात ०.८० वजा −२.३७ म्हणजे ३.१७ व्होल्ट, ॲनोड मॅग्नेशियम. तिसऱ्यात ०.०१ मोल इलेक्ट्रॉन, सिल्व्हरला एकच लागतो म्हणून ०.०१ मोल सिल्व्हर, म्हणजे १.०८ ग्रॅम. तिसऱ्याचं उत्तर ०.५४ आलं असेल तर कॉपरच्या सवयीने दोनने भागलं गेलंय, सिल्व्हरची अर्धी अभिक्रिया लिहून परत करा.